हार्प ऐकू येत नाही? माइकच्या आधी कोण थांबणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डब्लिनमधला चौघांचा गट. ३४ तारांची लेव्हर हार्प (प्रत्येक तारेला सूर चढवणारा खटका, म्हणजे लेव्हर, असलेली), फिडल, लाकडी फ्लूट आणि डॅडगॅड (डी-ए-डी-जी-ए-डी) लावलेली गिटार. तीन धुना सलग वाजवायच्या आहेत. आधी ओ'कॅरोलनची ‘शी बेग, शी मोर’ डी मेजरमध्ये संथ, मग ‘द केश’ ही जिग (सहाच्या ठेक्याची नाचाची धून) जी मेजरमध्ये आणि शेवटी ‘कूलीज’ ही रील (चारच्या ठेक्याची जलद नाचाची धून) ई डोरियनमध्ये. रेकॉर्डिंगमध्ये हार्प ऐकू येत नाही, खालचे सूर गढूळ होतात आणि धून बदलताना लेव्हर फिरवण्याच्या नादात तुमची हार्पवादक दोन-दोन बार (तालाचे ठरावीक भाग) मागे पडते. म्हणून माइक कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

माइकने यातलं फारसं काही सुटणार नाही. तुमच्याकडे चौघंही सतत वाजवतायत आणि त्यातल्या दोघांचं, म्हणजे गिटारचं आणि हार्पच्या डाव्या हाताचं, काम एकच आहे. गढूळ सूर माइकने मोठे केले की जास्त गढूळ होतात. हार्पसाठी संयोजन करताना मी सुरांच्या आधी दोन गोष्टी मोजते: डावा हात किती वेळ मोकळा आहे आणि खालच्या तारा किती वेळ घुमतायत. हे दोन हिशेब जुळले की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर ठरतात. केलीमध्ये (आयरिश नाचाच्या मेळाव्यात) लोक नाचायला येणार असतील तर लय नाचणाऱ्यांची. तिथे हार्पने धून सोडून द्यावी आणि ठेका धरावा. बसून ऐकणारे श्रोते असतील तर जिग मिनिटाला ११२ ठोक्यांऐवजी १००-१०४ ने घेतली तरी कुणाची तक्रार येत नाही आणि हार्पला श्वास मिळतो. हार्प कशी लावली आहे यावरही बरंच अवलंबून आहे. लेव्हर वर केली की तार फक्त अर्धा सूर चढते, खाली आणण्याची सोय नाही. म्हणून बरेच जण हार्प ई फ्लॅट मेजरमध्ये लावतात. त्यात ई फ्लॅटपासून ई मेजरपर्यंत आठ मेजर पट्ट्या मिळतात. पण तुमचा सगळा कार्यक्रम डी, जी, ए या पट्ट्यांतला असेल, तर बी, ई आणि ए या सगळ्या तारांच्या लेव्हर कायम वर राहणार. वर केलेल्या लेव्हरची तार किंचित बोथट वाजते आणि लेव्हरची जुळणी थोडी जरी सरकली असेल तरी बेसूर ऐकू येते. अशा वेळी हार्प सी मेजरमध्ये लावलेली बरी: एफ आणि सी, आणि ए मेजर असेल तर जी, एवढ्याच लेव्हर वर लागतात. बी फ्लॅट लागणाऱ्या धुना मग हाताबाहेर जातात, पण आयरिश सेशनमध्ये (एकत्र बसून वाजवण्याच्या बैठकीत) त्या थोड्याच. हा बदल कार्यक्रमाच्या दिवशी करू नका. पंधराएक तारा अर्ध्या सुराने चढवल्या की पुढचे काही दिवस त्या उतरत राहतात.

आता लेव्हरचं कोडं. आपल्याकडच्या लोकांना हे पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा लवकर कळतं, कारण मूर्च्छना आपल्याला माहीत असते. डी मेजर म्हणजे डी हा सा धरून बिलावल थाट. त्याच तारा, त्याच लेव्हर, फक्त सा ई वर नेला की काफी थाट, म्हणजे ई डोरियन. ए वर नेला की खमाज, म्हणजे ए मिक्सोलिडियन. या तिघांना लेव्हरची मांडणी एकच लागते: एफ शार्प आणि सी शार्प. जी मेजर, ए डोरियन आणि डी मिक्सोलिडियन हा दुसरा गट, त्यात फक्त एफ शार्प. धुना निवडताना एकाच गटातल्या निवडल्या तर प्रश्न उद्भवतच नाही. तुमची पहिली आणि तिसरी धून एका गटातली, मधली केश दुसऱ्या गटातली. म्हणजे सगळा घोळ सी या एकाच सुराचा आहे.

आणि इथे तो घोळ अर्धा मनाचाच आहे. तुमच्या ३४ तारांत सी च्या तारा पाच (लाल रंगाच्या त्या). मधल्या सी ला सी४ म्हणू. खाली सी३ आणि सी२, वर सी५ आणि सी६. आता प्रत्येक धून कोणता सी मागते ते बघा.

केशचा नेहमीचा पाठ घ्या. पहिला भाग: जी लांब, जी ए बी, ए लांब, ए बी डी, ई डी डी, जी डी डी, ई डी बी, डी बी ए. पुढचे चार बार असेच, शेवट ए जी एफ वरून जी वर. यात सी कुठेच नाही. दुसऱ्या भागातही सहसा नाही. धुनेला सी लागत नाही. लागलाच तर साथीला, तिसऱ्या बारच्या सुरुवातीला काही जण सी कॉर्ड घालतात तेवढ्यापुरता. कूलीजमध्ये सी येतो तो प्रत्येक भागाच्या सातव्या बारमध्ये, ए एफ ई सी या उतरणीत, आणि तो सी५ असतो, शार्प. ‘शी बेग, शी मोर’मध्ये सी शार्प हवाच, धुनेतही आणि ए मेजर कॉर्डमध्येही. पण ती कॉर्ड हार्पवर नीट मांडली तर ए२, ई३, सी शार्प४ अशी येते. सी३ शार्प वाजवायचं कारण पडत नाही, आणि पडू नये, कारण तेवढ्या खाली तिसरा सूर कॉर्डमध्ये घातला की तो घुमून चिखल होतो.

तेव्हा सुरुवातीलाच सी४, सी५, सी६ च्या लेव्हर वर आणि सी३ ची एकटी खाली ठेवा. संथ धुनेत सी३ ला हात लावायचा नाही. केशमध्ये सी कॉर्ड हवी तिथे सी३, जी३, ई४ वाजवायचं. कूलीजला सी५ आधीच तयार आहे. तिन्ही धुनांत मिळून एकही लेव्हर हलवावी लागत नाही. सी२ वाजवायचीच नाही, तेव्हा ती कुठेही असली तरी चालते.

अट एवढीच की हार्पवादकाने बेसमध्ये ऐन वेळी काही सुचलं म्हणून सी३ वर जायचं नाही, आणि खालून वर सरसर ग्लिसांदो मारायचा नाही. सी३ च्या लेव्हरजवळ रंगीत टेपचा बारीक तुकडा चिकटवून ठेवा. आणखी एक पर्याय आहे: केशमध्ये गिटार वाजत असताना हार्पने सी कॉर्डचे फक्त ई आणि जी द्यायचे, सी गिटारकडून येतो. मग सी३ सुद्धा वरच ठेवता येते. मला पहिला जास्त आवडतो, कारण पहिल्या फेरीत गिटार गप्प असावी असं माझं मत आहे, त्याबद्दल पुढे.

ज्या संचात लेव्हर खरोखरच हलवावी लागते, तिथे स्वरलिपीत तो बदल गरजेच्या आधी किमान एक बार लिहा, चौकटीत लिहा आणि कोणत्या सप्तकातली तार ते लिहा. नुसतं ‘सी शार्प’ लिहिलं की बिचारी हार्पवादक पाचही लेव्हर मारत सुटते. तेवढा वेळ डाव्या हाताच्या ओळीत विराम हवा. संयोजन करणारे हा विराम विसरतात आणि मग चूक वाजवणाऱ्याच्या माथी जाते.

आता गढूळपणा. डॅडगॅडमध्ये गिटारच्या मोकळ्या तारा डी२ पासून डी४ पर्यंत आहेत. हार्पचा डावा हात साधारण याच दोन सप्तकांत फिरतो. शिवाय गिटारवादक ताल धरून तारा छेडतो आणि हवं तेव्हा तळव्याने दाबतो. हार्पची खालची तार मात्र एकदा छेडली की पुढच्या दोन-तीन बारपर्यंत घुमत राहते. जी कॉर्डचा जी२ अजून वाजतोय आणि वर डी कॉर्ड आली, हीच तुमच्या रेकॉर्डिंगमधली घरघर. संथ धुनेत डावा तळवा तारांवर आडवा टेकवून ती थांबवता येते. ११२ च्या जिगमध्ये एका बारला एक सेकंदाहून थोडाच जास्त वेळ मिळतो, तेवढ्यात छेडणं, थांबवणं आणि पुढची बोटं लावणं हे सगळं स्वच्छ होत नाही.

माझा नियम सोपा आहे. गिटार वाजत असेल तर हार्प डी४ च्या खाली जात नाही. हार्पचा बेस हवा असेल तर गिटार थांबते, किंवा फक्त वरच्या तीन तारांवर हलका ताल धरते. हार्पच्या बेसमध्ये मूळ सूर, पाचवा आणि दहावा अशी मांडणी ठेवा. जी कॉर्डला जी२, डी३, बी३. डी कॉर्डला डी३, ए३, एफ शार्प४, म्हणजे तळ एकदम खाली जात नाही. तारा पियानोच्या पट्ट्यांपेक्षा जवळ असतात, त्यामुळे दहावा सूर एका हातात आरामात येतो. बोटं मात्र चारच धरा, करंगळी हार्पवर वापरत नाहीत; एका हाताला पाच सुरांची कॉर्ड लिहिलेली दिसली की ती पियानोवाल्याने लिहिली आहे हे ओळखावं. आणि प्रत्येक ठोक्याला बेस नको. जिगमध्ये बारच्या पहिल्या ठोक्याला एक सूर, दुसऱ्या ठोक्याला वरचे दोन, तेही एक बार आड. जी आणि डी या दोन्ही कॉर्डमध्ये डी हा सूर आहेच. नुसता डी३ घुमत ठेवून दोन्ही कॉर्ड निभावता येतात. उलेन पाइप्सच्या (आयरिश बॅगपाइपच्या) ड्रोनची, म्हणजे अखंड सुराची, सवय असलेल्या कानांना ते उलट जास्त ओळखीचं वाटतं.

संथ धुनेबद्दल एक आडवळण. ‘मूळ हार्मनी काय होती’ असा वाद गटात होतो, तो करू नका. ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) स्वतः अंध हार्पवादक होता, पण त्याच्या रचना आपल्यापर्यंत मुख्यतः धून म्हणूनच आल्या. डावा हात तो नेमका काय वाजवायचा हे लिहिलेलं उरलेलं नाही. १७९२ साली बेलफास्टच्या मेळाव्यात एडवर्ड बंटिंगने जुन्या हार्पवादकांचं वादन टिपून घेतलं, तेव्हा तो १९ वर्षांचा ऑर्गनवादक होता, आणि पुढे त्याने छापलं ते पियानोला बसेल असं करून. तेव्हा त्या छापील बेसला प्रमाण मानून तुमच्या हार्पच्या गळ्यात बांधायचं कारण नाही. शिवाय त्या हार्पला धातूच्या तारा असत, तुमच्याकडे नायलॉन किंवा गट. घुमण्याचा हिशेबच वेगळा.

धून कुणाकडे द्यायची? फ्लूट, फिडल आणि हार्प तिघंही एकाच सप्तकात धून वाजवतायत तोवर हार्प ऐकू येणार नाही. छेडलेला सूर लगेच उतरायला लागतो, फुंकलेला आणि गजाने ओढलेला टिकतो. टिकणारा उतरणाऱ्याला झाकतो. दोन मार्ग आहेत: हार्प धून वाजवेल तेव्हा बाकीच्यांनी थांबायचं, किंवा हार्पने एक सप्तक वर जायचं. वरच्या छोट्या तारा कोरड्या, चटकन विझणाऱ्या असतात, आणि जलद धुनेला तेच हवं. कूलीज वर नेली तर तिचा सर्वांत उंच सूर ए६ वर येतो, आणि ३४ तारांच्या हार्पची बहुधा तीच शेवटची तार. काठोकाठ बसते. केशमध्ये मात्र दुसऱ्या भागाच्या शेवटच्या बारला बी आहे, तो वर नेला की बी६ होतो आणि तार संपलेली असते. तिथे हार्पने बीऐवजी जी वाजवावा. फ्लूट बी वाजवतेच आहे, कुणाला कळणार नाही.

सगळ्यांनी हुबेहूब एकच वाजवायला हवं असं नाही, हेही सांगते. फ्लूटचा रोल (लांब सुराभोवतीची झटपट हरकत) फ्लूटचा, फिडलचे आखूड गजाचे तीन ठोके फिडलचे. गायकामागे हार्मोनियमची संगत असते तसं समजा: धून तीच, वाट थोडी वेगळी. केशच्या पहिल्या लांब जीवर फ्लूट रोल घेईल, तेव्हा हार्पने तो जी नुसता घुमू द्यावा, फार तर आधी ए चा स्पर्श द्यावा. रोल हार्पवर लिहून काढायच्या फंदात पडू नका.

याच्याच पोटात एक अडचण आहे आणि रीलमध्ये हार्प अडखळते ती बहुतेक याच जागी. हार्पवर एकच तार लागोपाठ छेडायची तर घुमणाऱ्या तारेवर पुन्हा बोट टेकवावं लागतं. सूर तुटतो आणि खर्रकन आवाज येतो. कूलीज मिनिटाला १०४ ठोक्यांनी घेतली तर सेकंदाला जवळजवळ सात सूर पडतात. पहिलाच बार: ई बी बी ए. दोन बी लागोपाठ. इथे दुसरा बी गाळून ई बी – ए वाजवा, बी घुमतोच आहे. तिसरा बार जास्त अवघड: एफ डी ए डी, बी डी ए डी. दर दुसरा सूर डी. उजव्या हाताने सगळे वाजवायला गेलं तर डी ची तार सतत खरखरत राहते. हार्पला फक्त एफ, ए, बी, ए हे चार सूर द्या, प्रत्येकी दुप्पट लांबीचे. मधले डी फिडलकडे आहेत, गिटारची मोकळी तारही डी च आहे. ऐकणाऱ्याला पूर्ण धून ऐकू येते आणि हार्प घंटेसारखी वर तरंगते. सगळे सूर वाजवले असते तर ती ऐकू आली नसती, हे लक्षात घ्या.

आता फेऱ्यांची वाटणी. केश ३२ बारची, ११२ च्या लयीत एक फेरी साधारण ३४ सेकंदांची. तीन फेऱ्या म्हणजे पावणेदोन मिनिटं. पहिल्या फेरीत फ्लूट एकटी धून घेते, खाली हार्पचा डावा हात वर सांगितला तसा विरळ, गिटार आणि फिडल गप्प. दुसऱ्या फेरीत फिडल फ्लूटला मिळते, गिटार दुसऱ्या भागापासून आत येते आणि त्याच क्षणी हार्प खालचं घर सोडून डी४ च्या वर जाते. तिसऱ्या फेरीचा पहिला भाग हार्पचा: धून एक सप्तक वर, फ्लूट थांबलेली, फिडल खाली जी आणि डी चे लांब सूर धरून, गिटार अगदी हलकी. दुसऱ्या भागात सगळे. त्यातून थेट कूलीजमध्ये, चौघं एकदम. दुसऱ्या फेरीत हार्पला चार सुरांची युक्ती, शेवटच्या फेरीत हार्पने धून सोडून फक्त दर बारला एक कॉर्ड. संथ धुनेची पहिली फेरी हार्पने एकटीने वाजवावी, दुसरीत फ्लूट धून घेते आणि फिडल सहाव्या सुराने खाली चालतं. तिथे गिटार अजिबात नको. गिटारवादकाला वाईट वाटेल, पण केशच्या दुसऱ्या फेरीत तो आत येतो तेव्हा जो फरक पडतो तो याच गप्प बसण्यामुळे.

कागदावर काय द्यायचं? हार्पला पूर्ण स्वरलिपी, पहिल्या ओळीच्या वर लेव्हरची मांडणी. बाकी तिघांना कानाने धून येतच असणार. त्यांना फक्त फेऱ्यांचा तक्ता आणि कॉर्ड्स. गिटार आणि हार्पच्या कॉर्ड्स मात्र एकाच कागदावर लिहा. गिटारवाला ई मायनर धरतो आणि हार्प जी, असं चार-पाच जागी तरी होत असणार, आणि एकेकटं वाजवताना ते कुणाला कळत नाही.

सुरात लावताना हार्प आधी, ए ४४० ला, त्याच खोलीत आणि त्याच दिव्यांखाली किमान २० मिनिटं ठेवून मग. लाकडी फ्लूट गरम झाली की चढते, म्हणून दहा मिनिटं फुंकून झाल्यावर तिने हार्पला मिळवायचं. ३४ तारा पुन्हा लावण्यापेक्षा फ्लूटची सरक हलवणं सोपं.

एवढं झाल्यावर माइक. हार्पच्या पाठीमागच्या छिद्रांसमोर माइक धरू नका, तिथे नुसता घुमारा आहे. ध्वनिफळीच्या समोर, मधल्या तारांच्या उंचीवर, हातभर अंतरावरून सुरुवात करा. आणि खरेदीच्या आधी तालमीत चार मीटरवर फोन ठेवून फक्त हार्प आणि गिटार यांची दुसरी फेरी रेकॉर्ड करा. त्या दोघांतच हार्पचा प्रत्येक सूर ऐकू येत नसेल तर दोष अजून डी४ च्या खाली आहे. तुमच्या हार्पची सर्वांत वरची तार कोणती तेही एकदा बघून कळवा. ती बी असेल तर केशच्या शेवटच्या बारमध्ये बीऐवजी जी वाजवायची गरज नाही.